लीलाच्या कडेवरचा दिनू

तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते, हातातली कपबशी खाली ठेवा. मागे हाच किस्सा सांगितला तेव्हा आमच्या धाकट्या जावेच्या नाकातून चहा आला होता.

तर झालं असं, की ऐन मुहूर्तावर मी एक लग्न थांबवलं. माझं नव्हे हो, शेजारणीच्या लेकीचं. आणि थांबवलं ते कशानं? कायद्यानं. सातवी पास बाईनं भर मांडवात कायदा काढला. आता बोला.

पण हे सगळं मुळात सुरू झालं आमच्या नणंदेच्या, शैलाच्या लग्नापासून. आमचा दिनू तेव्हा दहा महिन्यांचा. पहिलं मूल आणि मी जन्माची घाबरट. तो शिंकला की मी सुंठ उगाळायला बसायची. तो झोपला की श्वास चालू आहे ना बघायला नाकापाशी बोट धरायची, त्यानं तो जागा व्हायचा, भोकाड पसरायचा, मग कुठं माझ्या जिवात जीव यायचा.

लग्नात मंगलाष्टकं छापून वाटतात, घरादाराची नावं गुंफून, ते तुम्हाला माहीतच आहे. हे म्हणाले, छापखान्यातल्या नानांकडून लिहून घेऊ. मी म्हटलं, मी लिहीन.

"तू?" सासूबाई म्हणाल्या. "वाण्याच्या यादीत साखर लिहायची विसरतेस तू."

पण काय सांगू, दिनूला पायावर घेऊन हलवत बसले आणि ओळी आपोआप यायला लागल्या. नळाला पाणी यावं तशा. मी नुसती लिहून घेत होते. दोन दुपारी गेल्या आणि पाच कडवी तयार. त्यातली एक ओळ तर मला इतकी आवडली की मी ती भाजी चिरताना, धुणं धुताना, सारखी म्हणायची:

*दोन्ही डोंगर वाकुनी निरखिती हा सोहळा आगळा*

ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "अगं, भिवंडीत डोंगर कुठले? आपल्याकडे वाकून बघायला ते सायझिंगच्या कारखान्याचं धुराडं तेवढं आहे."

"कवितेत असतात डोंगर," मी म्हटलं. कवयित्रीनं किती म्हणून समजावून सांगायचं?

शेवटी एक ओळ खास दिनूसाठी घातली. ती मात्र आपोआप आली नाही. तिच्यापायी दोनदा दूध उतू गेलं. पण जमली:

*शैलाच्या कडि बैसुनी खुदुखुदू हासे दिनू बाळ हा*

कागद घेऊन मीच नानांच्या छापखान्यात गेले. नानांनी चष्मा लावून वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. पुन्हा लावून वाचलं.

"स्वतः रचलंस, सूनबाई?"

"हो."

"छान आहे हो," म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसले. मला वाटलं, माणूस भारावला.

शैलाचं लग्न झोकात लागलं. मंगलाष्टक ऐकून माझ्या दोन्ही चुलतसासवा रडल्या. त्या एरवीही रडतात, पण मी ते माझ्या खात्यावर धरलं.

आता कायदा. त्याच्या आधीच्या गणपतीत ह्यांच्या कारखान्यातल्या मंडळानं नाटक बसवलं होतं. हे त्यात हवालदार होते, दोन वाक्यांचे. ऐन प्रयोगाच्या दिवशी लेखकाचं पत्र आलं की माझी परवानगी न घेता नाटक लावलंत, बंद करा, नाहीतर कोर्टात खेचतो. मंडळाचे अध्यक्ष धावत जाऊन, हातापाया पडून परवानगी घेऊन आले, तेव्हा पडदा वर गेला. त्या दिवशी ह्यांनी मला सगळं नीट समजावलं होतं. जो लिहितो त्याची मालकी. त्याला न विचारता कुणी गायचं नाही, करायचं नाही, छापायचं नाही. लेखक हयात असेपर्यंत, आणि तेव्हाच्या कायद्यानं तो गेल्यावरही पन्नास वर्षं.

ते पन्नास वर्षांचं माझ्या डोक्यात घट्ट बसलं. म्हणजे उद्या माझं काही बरंवाईट झालं तर मंगलाष्टक दिनूचं. माझ्या मागं लेकराला काहीतरी राहील. तुम्ही हसा, पण त्या विचारानं मला शांत झोप लागली होती.

शैलाच्या लग्नाला दोन आठवडे झाले आणि शेजारच्या कमळाकाकूंच्या लीलाचं लग्न आलं. मुलगा कशेळीचा, घरचा शेतीवाला. चाळीपुढच्या मोकळ्या जागेत मांडव. लीला हळवी, एकुलती, बापाविना वाढलेली. काकूंनी चार घरचा स्वयंपाक करून ते लग्न जमवलेलं. शेजारच्या कारखान्याच्या शेठनं मंगलाष्टकं ऐकू यावीत म्हणून अर्धा तास कापडाचे लूम बंद ठेवले होते. भिवंडीत दुपारी बारा वाजता इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. पान पडलं तरी ऐकू यावं. तेच नडलं.

अंतरपाट धरला. अलीकडे लीला, पलीकडे नवरामुलगा. लीलाच्या मामांनी छापील कागद उघडला, माईक तोंडाशी घेतला आणि सुरू केलं.

पहिल्याच कडव्यात डोंगर वाकले.

मी चपापले. दिनूला या कडेवरून त्या कडेवर घेतला. म्हटलं, सारखं असेल एखादं. दुसरं कडवं, माझं. तिसरं, माझं. कान तापायला लागले. न विचारता. माझं. आणि इतक्यात मामांनी आवाज चढवला:

*लीलाच्या कडि बैसुनी खुदुखुदू हासे दिनू बाळ हा*

नानांनी छापताना शैला काढून लीला घातली होती. दिनूला हातच लावला नव्हता.

अंतरपाटाच्या वरून नवऱ्यामुलाचे डोळे आले. नुसते डोळे. मग मुंडावळ्या आल्या.

त्याची आई मंगळसूत्र सावरत पुढं आली. "थांबा जरा. ह्यो दिनू कोन?"

मामा कागद उलटसुलट करायला लागले.

"नवरीच्या कडेवर बाल बसलाय म्हनतान," ती म्हणाली. "आमाला कुनी सांगितला न्हाय की नवरीला बाल हाय."

कमळाकाकूंनी अक्षतांचं ताट खाली ठेवलं. लीला अंतरपाटाआड तशीच मान खाली घालून उभी, पण खांदे हलत होते.

आता शहाण्या बाईनं काय करावं? पुढं होऊन शांतपणे सांगावं, की चूक झाली, छापखान्याचा घोळ आहे. पण मला एक तर दिनूला दृष्ट लागताना दिसत होती. अडीचशे माणसं एकदम त्याचं नाव ऐकून त्याला शोधत होती. आणि दुसरं म्हणजे माझं मंगलाष्टक. मी शेजारच्या एका पाटावर चढून उभी राहिले.

"दिनू माझा आहे," मी म्हटलं.

"तुजा?" नवऱ्याची आई माझ्याकडे वळली. "मंग तो आमच्या नवरीच्या कडेवर काय करतंय?"

"ती लीला नाहीच. ती शैला आहे."

हे बोलले आणि माझं मलाच कळलं, की हे नको होतं बोलायला.

"शैला कोन?" नवऱ्यामुलाचा काका मागून म्हणाला. "ए, अंतरपाट खाली घ्या. नवरी बदलली काय ते बघून घ्या आधी."

"अहो काका, लीलाच आहे ती," मी म्हटलं, "मंगलाष्टकातली शैला आहे. मंगलाष्टक माझं आहे. हे चोरलेलं आहे. लेखकाच्या परवानगीशिवाय ह्याचा पुढचा शब्द गाता येणार नाही. कायदा आहे तसा. मी हयात आहे तोपर्यंत नाही, आणि गेल्यावरही पन्नास वर्षं नाही."

गर्दीत आमचे हे उभे होते. त्यांनी हळूच टोपी डोळ्यांवर ओढली.

भटजींनी घड्याळ पुढं केलं. "बाई, मुहूर्ताला चार मिनिटं आहेत. पन्नास वर्षं थांबता येणार नाही."

"दिनूच्या आई," कमळाकाकू माझा हात धरून म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "माझ्या पोरीचं लग्न मोडेल गं. तुला काय हवं ते मी करते, पण आत्ता हो म्हण."

तेव्हा कुठं मला लीलाचे खांदे नीट दिसले. पण पाटावर चढलेल्या माणसाला खाली उतरणं किती अवघड जातं, हे पाटावर चढल्याशिवाय कळत नाही. मी म्हटलं, "मी हो म्हणते काकू, पण नानांनी आधी कबूल करावं, की हे माझं आहे."

नाना लग्नाला आले होतेच, मागं जेवणाच्या पंगतीची व्यवस्था बघत होते. त्यांना पुढं आणलं. त्यांनी आधी नवऱ्याच्या आईपुढं हात जोडले.

"चूक माझी आहे, ताई. ह्यांच्या शैलाच्या मंगलाष्टकाचे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवलेले तसेच दोरीनं बांधून ठेवले होते. लग्नसराई, वेळ नाही. शैलाच्या जागी लीला बसवली, नवऱ्याचं नाव बदललं, आणि दिनू राहिला. नवरी सोन्यासारखी आहे. पोर ह्या बाईचं."

नवऱ्याच्या आईनं दिनूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दोघांचं नाक सारखंच आहे, नकटं. तिची खात्री पटली. अंतरपाटावरचे डोळे खाली गेले.

"आणि मंगलाष्टक?" मी म्हटलं. तिथंच गप्प बसायचं ना? पण नाही.

नानांनी चष्मा काढला. "सूनबाई, तुझं माहेर कुठलं?"

"वज्रेश्वरीजवळचं."

"अंगणातून काय दिसतं?"

"काय म्हणजे? दोन..." मी थांबले.

"दोन डोंगर," नाना म्हणाले. "तीन वर्षांमागं तुझे मामा एसटीनं माझ्याकडे आले होते. म्हणाले, भाचीचं लग्न आहे, पत्रिका छापा आणि मंगलाष्टकही तुम्हीच लिहून द्या. मी विचारलं, गावात काय आहे? ते म्हणाले, दोन डोंगर आहेत आणि भाची आहे. मग मी लिहिलं. प्रत्येक कामाची एक प्रत मी ठेवतो, छापखान्यात आहे, आणून दाखवू?"

दाखवायची गरजच नव्हती. मला सगळं आठवायला लागलं होतं. माझ्या लग्नात मी अंतरपाटाआड मान खाली घालून उभी होते. नवऱ्याकडे बघायचं नाही, वर बघायचं नाही, करायचं काय? कान उघडे होते. एकेक शब्द आत जाऊन बसला होता. नवरीच्या हातात छापील कागद कोण देतंय? म्हणून मला कधी कळलंच नाही, की तो कुठून आला. आणि मी समजत होते, मला सुचतंय.

"मग मी कागद घेऊन आले तेव्हा बोलला का नाहीत, नाना?"

"काय बोलू? माझं लिहिलेलं कुणाला इतकं पाठ झालं, हे मला तरी कुठं माहीत होतं? बरं वाटलं."

मांडवात कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. मग नवऱ्याच्या आईनंच तोंडाला पदर लावला. एवढ्यात कारखान्यातला मुकादम मांडवात डोकावला. "भाभी, शादी हो गयी क्या? लूम चालू करूँ?"

"अरे रुको भाई," आमचे हे टोपीखालून म्हणाले, "अभी लेखक का झगडा चल रहा है."

त्यावर मात्र सगळा मांडव फुटला. अंतरपाट धरणारे दोघं इतके हसले, की कापड खाली आलं आणि लीला आणि नवरा एकमेकांकडे बघून हसताना सगळ्यांनी बघितलं. भटजी ओरडले, "वर धरा, वर धरा, अजून लागलं नाही."

भटजी नानांकडे वळले. "लेखक तुम्ही ना? परवानगी द्या, दीड मिनिट राहिलं."

"दिली," नाना म्हणाले. मग त्यांनी लीलाच्या मामांच्या हातातला कागद घेतला, माझ्याकडे आले आणि अगदी गंभीरपणे दिनूच्या ओळीवर बोट ठेवलं. "एवढी एक मात्र माझी नाही. ही अस्सल तुझी. आम्हाला ती गाळून पुढं जायचं आहे. लेखिकेची परवानगी आहे का?"

अडीचशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान डोलावली. जन्मात एकदाच कुणी मला लेखिका म्हणून परवानगी विचारली, तीही माझी एकुलती एक ओळ काढून टाकायला.