उरलेल्या चार तासांचे आकडे

त्या दिवशी बारा वाजून चाळीस मिनिटांनी विजेच्या वाहिनीचा मनोरा पडला. चार वाजून पन्नास मिनिटांनी आमच्या घरातलं ऑक्सिजनचं मशीन थांबलं. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी सुनंदा, माझी बायको, गेली.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. गावाला, नातेवाइकांना, चौकशीला आलेल्या दोन अधिकाऱ्यांना. याच्या मागचं जे आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही — मुलीलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. ओळखीचं माणूस समोर बसलं की माझं तोंड उघडत नाही. की ही पण एक पळवाटच? असेल.

मी तंत्रनिकेतनात विद्युत विभागात शिकवायचो. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं संग्रामपूर तालुक्यात, सुनंदाच्या माहेरच्या गावी येऊन राहिलो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. बत्तीस वर्षं खडूची धूळ खाल्ली, असं ती हसून सांगायची. डॉक्टरांच्या मते कारण वेगळं होतं. फुप्फुसं निकामी होत चालली होती. मशीन दिवसातले सोळा-सतरा तास लागायचं. त्याची गाळणी मी धुवायचो, नळी मी बदलायचो, तर ती त्याला सवत म्हणायची. म्हणायची, माझ्यापेक्षा तिच्याचकडे जास्त पाहता तुमी.

आमच्या गावाला वीज एकाच वाहिनीने येते. सातपुड्याकडून वारं सुटलं की ती जायची. तेवढ्यात सरकारची एक योजना निघाली — सौर प्रकल्पाची दिवसाची वीज मोठ्या बॅटऱ्यांत साठवायची, आणि वाहिनी पडली तर त्या बॅटऱ्यांवर आसपासची गावं आठ तास चालवायची. निधी दोन हप्त्यांत मिळणार होता. पहिल्या हप्त्यात उपकेंद्रावर बॅटऱ्यांचे कंटेनर. दुसऱ्या हप्त्यात नांदुऱ्याच्या बाजूने दुसरी वाहिनी. ग्रामपंचायतीचा प्रस्ताव मी लिहिला. बुलढाण्याला चकरा मी मारल्या. कंटेनर आले तेव्हा सरपंचांनी माझ्या गळ्यात हार घातला. मला तो आवडला होता. हे लिहायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात तो हारही आहे.

दुसऱ्या हप्त्याला एक अट होती. बॅटरी पूर्ण भारावर सलग आठ तास चालवून बघायची, दर तासाला रीडिंग घ्यायचं, आणि बाहेरच्या एका जाणकाराने समोर बसून अहवालावर सही करायची. मार्चअखेरच्या आत. जाणकार म्हणून माझंच नाव गेलं. ज्याने प्रस्ताव लिहिला त्यानेच चाचणी बघायची — कुणालाच ते खटकलं नाही. मलाही नाही.

इथं मला थांबून एक गोष्ट सांगावी लागेल. तंत्रनिकेतनातली मुलं प्रात्यक्षिकात एक लबाडी पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. आधी आलेख काढायचा, मग त्यावरून रीडिंग लिहायची. मी ती हमखास पकडायचो. खरी रीडिंग कधीही रेषेवर नेमकी बसत नाहीत; एखादं वर, एखादं खाली. ज्याची सगळी रेषेवर, त्याने प्रयोग केलेला नाही. असे जर्नल मी मुलांच्या हातात परत द्यायचो आणि म्हणायचो, जे मीटरवर पाहिलं नाही ते लिहायचं नाही. जुने विद्यार्थी भेटले की हे वाक्य मलाच ऐकवतात अजून.

चाचणी सकाळी दहाला सुरू झाली. उपकेंद्रावरचे ऑपरेटर सलीमभाई हजर होते. कंत्राटी नोकरी, पण उपकेंद्र घरच्यासारखं झाडून-पुसून ठेवायचे. रमजान होता, त्यांचा रोजा होता आणि ऊन बरंच होतं. एकचं रीडिंग झाल्यावर मी त्यांना म्हटलं, सलीमभाई, घरी जा, नमाज पढा, पडा जरा, आता उद्याच या. मी आहे ना. ते जायला तयार नव्हते. मी आग्रह केला. तो आग्रह खरा होता — निदान एवढं तरी मला माझ्याविषयी चांगलं म्हणता येईल, असं मी पुष्कळ दिवस धरून होतो. आता तेही म्हणवत नाही. कारण त्यांच्या माघारी जे घडलं, ते घडायला त्यांचं नसणंच सोयीचं पडलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी बॅटरी बंद पडली. आठ तास नाही. चार तास दहा मिनिटं.

कंत्राटदाराचा इंजिनिअर म्हणाला, एका रांगेतले काही सेल खराब निघाले आहेत, आठ दिवसांत बदलून देतो. मग जिल्ह्याच्या कार्यालयातून फोन आला. अहवाल आज संध्याकाळपर्यंत चढला नाही तर दुसरा हप्ता परत जाईल, दुसरी वाहिनी विसरा. फोनवरच्या माणसाने खोटं लिहा असं म्हटलं नाही. कुणीच म्हटलं नाही. इंजिनिअर नुसता माझ्याकडे बघत होता.

मी रजिस्टर ओढलं आणि तीन, चार, पाच आणि सहा वाजताची रीडिंग लिहिली. अडीच वाजता, एका बैठकीत. आणि ती मी रेषेवर लिहिली नाहीत. चारचा आकडा किंचित वर घेतला, पाचचा खाली. मध्ये शाई बदलली. आयुष्यभर मुलांची लबाडी पकडून मला जे कळलं होतं ते सगळं मी त्या चार ओळींत वापरलं.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी ऑपरेटरच्या रकान्यात सही केली. वाचलंसुद्धा नाही. सर होते म्हटल्यावर काय वाचायचं, असं म्हणाले.

सेल बदलले का? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग मला ते माहीत झालं असतं.

पण मला जे सांगायचं आहे ते हेही नाही. मी अजून कडेकडेनेच चालतो आहे.

आमच्या घरी एक भरलेला सिलिंडर असायचा, वीज गेली तर म्हणून. एप्रिलमध्ये शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याला दवाखान्यातून घरी आणलं, त्याला सिलिंडर मिळत नव्हता. त्याची सून सुनंदाची विद्यार्थिनी. सुनंदाने मला हाक मारली आणि म्हणाली,

“आता आठ तासाची बॅटरी आली ना? मंग हा सिलिंडर आपण काऊन अडवून ठेवाचा? देऊन टाका.”

मी दारात उभा होतो. त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं — ती आठ तासांची नाही. ती विचारणार, तुमाले कसं ठाऊक? मग रजिस्टर. मग शाई. बत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेली बाई माझ्याकडे कशी बघेल, तेच मला दिसत होतं. मी सिलिंडर उचलून ऑटोत ठेवला. स्वतःच्या हाताने ठेवला. दुसरा आणू, असं मनाशी म्हटलं. आणला नाही, आणला असता तर तिने विचारलं असतं, कशाला?

मग तो दिवस. जेवणं व्हायची होती तेव्हा वावटळ उठली, पत्रे वाजले, आणि वीज गेली. लगेच आली. सलीमभाईंचा फोन आला — सर, मनोरा पडला, बॅटरीवर घेतलं आहे, मॅडमच्या मशीनची फिकर करू नका. मी घड्याळ बघितलं. मला वेळ माहीत होती. त्या सगळ्या पंचक्रोशीत मला एकट्याला माहीत होतं की पाचच्या आत वीज जाणार. मी पायांत चपला घातल्या. संग्रामपूरहून सिलिंडर आणायला चार तास भरपूर होते. सुनंदा म्हणाली,

“कुठी चालले तुमी या वाऱ्यात? झाडं पडून राह्यले. आठ तास लाईट आहे ना? बसा चुपचाप.”

मी बसलो.

मला सांगायचं होतं ते हे. मी चपला काढल्या आणि बसलो. सेल बदलले असतील, असं म्हणत बसलो. तिने मला पेपर वाचून दाखवायला सांगितलं, मी वाचून दाखवला. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. वारं पडलं तरी मी उठलो नाही. उठलो असतो तर का उठलो ते सांगावं लागलं असतं. तिच्या श्वासापेक्षा मला तिचं माझ्याविषयीचं मत जास्त जपावंसं वाटलं — याला दुसरं काय नाव द्यायचं?

चार पन्नासला मशीनने शिट्टी दिली. शेजाऱ्यांची जीप निघाली. संग्रामपूरच्या अलीकडे रस्त्यावर लिंब आडवा पडला होता, लोक कुऱ्हाडीने तोडत होते. आम्ही त्या झाडाच्या अलीकडेच होतो. तिने माझं मनगट धरलं होतं. तिला बोलता येत नव्हतं, पण माझ्याकडे बघून तिने मान हलवली — घाबरू नका, असं. मला.

तेरावं झाल्यावर अधिकारी आले. त्यांनाच अवघडल्यासारखं होत होतं. चाचणी पूर्ण आठ तास झाली होती ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी हो म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं, पाणी प्यायले, गेले. मग सरळ हिशेब झाला: चाचणीत आठ तास चाललेली बॅटरी दोन महिन्यांत अर्ध्यावर येते, म्हणजे देखभाल नीट नाही. देखभाल कुणाकडे? सलीमभाईंकडे. शिवाय त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं की त्या दुपारी लग्नघरचं दळण अडलं होतं म्हणून त्यांनी पिठाच्या गिरणीला वीस मिनिटं वीज दिली. नियमात ते बसत नव्हतं. वीस मिनिटांच्या गिरणीने ती बॅटरी पाच मिनिटंही आधी संपत नाही. हे गणित मी फळ्यावर शंभर वेळा केलं असेल. त्या वेळी केलं नाही.

त्यांना कामावरून काढलं. आता ते नांदुऱ्याला मेहुण्याच्या दुकानात जळालेल्या पंपांच्या मोटारींचं वायंडिंग भरतात.

आणि ते माझ्याकडे येतात. दीड-दोन महिन्यांनी, एसटीने. न बोलावता येतात, घरातल्या इन्व्हर्टरमध्ये पाणी घालतात, वायरी तपासतात, अंगणातला बल्ब बदलतात. चहा घेत नाहीत. गेल्या वेळी काम झाल्यावर जायच्या ऐवजी पायरीवर बसले. मी खुर्चीत होतो. तिथूनच ते म्हणाले,

“सर, त्या गिरणीच्या पायी मॅडम गेल्या. तुमी मले एक सबूद बोलले नाही. शिवी देली असती तं बरं झालं असतं. मले घरी जेवण गोड लागत नाही.”

ती वेळ होती. आम्ही दोघंच होतो. मी बोलायला तोंड उघडलं — आणि तुम्हाला वाटेल की आता तरी. मी म्हणालो,

“जाऊ द्या, सलीमभाई. मी तुम्हाला केव्हाच माफ केलं.”

ते रडले. त्यांनी माझे पाय धरले. मी त्यांना उठवलं. मी. पाय धरू दिले आणि मग उठवलं. ही गोष्ट त्यांनी जाता जाता स्टँडवर कुणाला तरी सांगितली असावी, कारण दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात एक जण मला म्हणाला, सर, मोठं मन लागते हो एवढं माफ कराले. मी साखर घेतली आणि घरी आलो.

त्या दिवसापासून मी हे लिहितो आहे. रोज चार-पाच ओळी, त्यातल्या दोन खोडतो. मी नांदुऱ्याला जाऊन सांगणार आहे असं इथं लिहायचं मनात होतं. लिहीत नाही, कारण याआधी तीनदा ठरवून मी बसस्टॉपवरून परत आलो आहे. हे कुठं छापलं गेलं तर कुणीतरी त्यांना वाचून दाखवेल. मग त्यांना कळेल, तेही माझ्या तोंडून नाही. म्हणजे याही वेळी मी समोर नसणार. फोनवरच्या माणसाचा, इंजिनिअरचा, मार्चअखेरचा उल्लेख वर आला आहे. ते सगळं खरं आहे आणि त्यातलं काहीही माझ्या बाजूने मांडलेलं नाही. चार ओळी माझ्या हाताने लिहिल्या. चपला माझ्या मी काढल्या.

दुसरी वाहिनी यंदा सुरू झाली. गावात वीज जात नाही. सुनंदाचं मशीन मुलीने एका दवाखान्याला देऊन टाकलं. सलीमभाईंच्या कागदांवर ‘कामात कसूर’ असा शेरा आहे आणि त्यामुळे त्यांना कुठल्याही उपकेंद्रावर घेत नाहीत. माझ्या कागदांवर काही नाही.