मापानं शिवलेलं जंगल

टेलरबाईंचे यजमान खुर्चीत बसले ते बसलेच. उभं आयुष्य बस चालवण्यात गेलं, छातीत कळ आली म्हणून स्टिअरिंग सोडावं लागलं, इथवर समजण्यासारखं होतं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज चाललं नाही तर पुढच्या झटक्याला माझ्याकडे उपाय नाही, आणि हे ऐकूनही ड्रायव्हरसाहेब जागचे हलेनात. "रिकामी फेरी मी नोकरीतसुद्धा मारली नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. "पोहोचायचं कुठे ते सांगा, चालतो."

टेलरबाईंनी सगळं करून पाहिलं. गोड बोलून झालं, अबोला धरून झाला. दोरा आणायला पाठवलं तर त्यांनी दुकानदाराला फोन करून दोराच घरी मागवला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दिवसभर शिलाई मशीनच्या आवाजामागे तो माणूस गप्प बसलेला असे, आणि मशीन थांबलं की ती शांतता बाईंच्या अंगावर येई. एक दिवस मशीन थांबेल आणि मागे श्वासही ऐकू येणार नाही, ही धास्ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

अशात नणंदबाई एक पँट घेऊन आल्या. तिला सात खिसे लावून हवे होते.

"सात? दुकान मांडताय का, वन्सं?"

"अगं वहिनी, डबे शोधायला जाते मी जंगलात," नणंदबाई म्हणाल्या, आणि मग तासभर तेच सांगत बसल्या. लोक जंगलात डबे लपवतात, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतात, बाकीचे फोन हातात घेऊन ते हुडकत फिरतात. काही खेळांना टप्पे असतात. पहिल्या डब्यात दुसऱ्याचा पत्ता, तोही कोड्यात घातलेला. कोडं सुटलं तर पुढे, नाहीतर बसा झाडाखाली.

बाईंचा हात टाचणीवर थांबला. पोहोचायचं कुठे ते सांगा, असं म्हणत होते ना? सांगते.

महिनाभर त्या गिऱ्हाइकांची मापं घ्यायला जाते असं सांगून गावाबाहेरच्या जंगलात जात राहिल्या. पाच डबे, म्हणजे पाच थांबे. कोडं कसं रचायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण अंगावर बसेल असं कापायचं कसं हे माहीत होतं. पहिलं कोडं जुन्या बसमार्गाचं: इस्पितळापासून गिरणीपर्यंत थांबे किती, फाटकापासून शाळेपर्यंत किती, त्यातून आकडे जुळवायचे. दुसरं गिअरच्या दांड्याचं. जगात दुसऱ्या कुणाला ती सुटली नसती, आणि सुटायची गरजही नव्हती. प्रत्येक डब्यात त्यांनी यजमानांच्या जुन्या गणवेशाच्या कोटाचं एकेक पितळी बटण टाकलं. ओळखतील ही भीती नव्हती. पुरुषांना बटण असतं हे ते तुटल्यावरच कळतं, असं बाईंचं मत होतं.

तिसऱ्या थांब्याशी मात्र अडचण आली. ओढ्याकाठी दुभंगलेला एक खडक होता. तिथे दाट झाडीत फोन भलतीच जागा दाखवू लागला. मग नणंदबाईंचं होकायंत्र कामाला आलं. बाईंनी ते डाव्या तळहातावर धरलं, ज्यात डबा ठेवला त्या पोकळ बुंध्याची दिशा खडकापासून अंशांत मोजली, कपडे मोजायच्या टेपनेच अंतर घेतलं आणि कोडं लिहून टाकलं.

ठरल्याप्रमाणे नणंदबाई पहिल्या कोड्याचा कागद आणि होकायंत्र टेबलावर ठेवून भावासमोर हाश्श करून बसल्या. "दादा, मला एक खेळ सुटत नाहीये, आणि गुडघाही बोलतोय. तू बघतोस का?"

दादांनी पहिलं कोडं वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं. "गिरणीचा थांबा नंतर हलवला होता," ते स्वतःशीच पुटपुटले आणि बूट शोधायला उठले. स्वयंपाकघरात टेलरबाईंनी पदराने डोळे टिपले.

पहिला थांबा झाला, दुसरा झाला. ड्रायव्हरसाहेब भूक लागली म्हणू लागले, रात्री घोरू लागले. ते घोरणं ऐकून इतकं बरं वाटेल असं बाईंना लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

मग तिसरा थांबा आला. ते गेले आणि हात हलवत परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून, आणि सरळ खुर्चीत जाऊन बसले.

टेलरबाई गुपचूप जाऊन तपासून आल्या. खडकाशी उभ्या राहिल्या, होकायंत्र हातात धरलं. अंश बिनचूक होते, बुंधा समोर होता, डबाही जागेवर होता. संशय नको म्हणून दोन दिवसांनी पुन्हा गेल्या, तरीही सगळं बिनचूक.  ज्या माणसाने दाट धुक्यात कधी वळण चुकवलं नाही, त्याला साधा बुंधा दिसू नये? आजारपणात डोक्याला काही झालं असेल का? विचारायची हिंमत त्यांना झाली नाही.

आठवडा असाच गेला. बूट दाराशी वाळून पांढरे पडले.

एका सकाळी बाईंनी मशीनवरून उठून चहा केला आणि कप यजमानांपुढे ठेवला. टेबलावर होकायंत्र पडलेलं होतं. बाईंचा डावा हात जवळ आला तशी सुई गर्रकन फिरली. हात मागे घेतला, सुई सरळ झाली. पुन्हा पुढे केला, पुन्हा फिरली.

त्यांच्या मनगटावर टाचण्या चिकटवायचा चुंबक होता. पूर्वी त्या टाचण्या तोंडात धरत, तेव्हा "गिळशील एखाद दिवशी" म्हणून यजमानांनीच तो आणून दिलेला. सकाळी उठल्यावर बांधायचा, निजताना काढायचा. हातात आहे हे जाणवतही नसे. जंगलात अंश मोजताना तो होता, आणि तपासायला गेल्या तेव्हाही होताच. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

ड्रायव्हरसाहेबही सुईकडेच बघत होते. "तो डबा लपवलास तेव्हा हे हातात होतं?"

"कुठला डबा? तो तर वन्संचा खेळ..."

त्यांनी खिशातून दोन पितळी बटणं काढून टेबलावर ठेवली. "माझ्या कोटाची बटणं मला ओळखू येणार नाहीत?"

बाईंनी बटणं उचलून पाहिली. "पहिल्याच दिवशी कळलं?"

"पहिल्याच. आणि गिरणीचा थांबा दुसऱ्या कुणाच्या लक्षात असणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकं मन लावून शिवलंस, मी उसवायला कशाला बसू?" ते चहाच्या कपाचा कान उगाच फिरवत राहिले. "म्हणून तर जास्त लागलं गं. परक्याचं कोडं नसतं सुटलं तर दिलं असतं सोडून. पण बायकोने माझ्या मापाने शिवलेलं, आणि तेही मला बसेना. म्हटलं, संपलो आपण."

टेलरबाईंना रडू आवरेना. "चूक माझी होती, आणि मी समजत होते तुमचंच डोकं..."  त्या रागारागाने मनगटावरचा पट्टा सोडू लागल्या.

"अगं, काढू नकोस!" ड्रायव्हरसाहेब उठून उभे राहिले. "तो काढलास तर तो डबा या जन्मी सापडायचा नाही. तू बरोबर लागणार. चल."

"आत्ता? दुपारी कोट द्यायचाय गिऱ्हाइकाला."

"गिऱ्हाईक थांबेल." ते दाराशी वाकून बुटांवरचा वाळलेला चिखल आपटून काढत होते.

खडकाशी बाईंनी डावा हात पुढे केला, तळहातावर होकायंत्र ठेवलं. ड्रायव्हरसाहेबांनी तो हात खालून धरला आणि सुईवर नजर लावली. मग मान वर करून समोर पाहिलं. तो बुंधा त्यांनी त्या तीन दिवसांत निदान दहा वेळा ओलांडला होता. ते सरळ चालत गेले, आत हात घातला आणि तिसरं बटण काढून उन्हात धरलं.

"अजून दोन राहिली," ते म्हणाले. "चौथ्याला काय घातलंयस?"

"सांगणार नाही."

त्यांनी कोडं वाचलं, हसले आणि चढणीला लागले. टेलरबाई बसल्या कामाच्या, चालायची सवय त्यांनाच नव्हती. दहा-वीस पावलांत धाप लागून त्या मागे पडल्या.

"मागे राहू नकोस," ड्रायव्हरसाहेब वळून न बघता म्हणाले आणि थांबले. "फेरी रिकामी जाईल."