दादाच्या खुणा

माझ्या थोरल्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. आम्ही त्याला दादा म्हणतो, पण ही हाक त्याच्यापर्यंत कधी पोचलेली नाही. बोलवायचं असलं की जमिनीवर पाय आपटायचा, नाहीतर जवळ जाऊन खांद्याला हात लावायचा. मळवलीत आमचं घर आहे, थोडी भातशेती आहे आणि शेतापलीकडे मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला आहे. तो बंगला दादा सांभाळतो. झाडांना पाणी घालतो, झाडलोट करतो, शनिवारी पाहुणे आले की फाटक उघडून देतो. मालकांचे फोन मात्र मला येतात. मी लोणावळ्याला असते. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. पाहुणे यायचे असले की सकाळच्या लोकलनं एक स्टेशन जाते, पाहुण्यांशी बोलते आणि त्यांना काय हवं-नको ते दादाला सांगते.

निदान मला तसं वाटायचं.

आमच्या घरात त्याच्याशी बोलायच्या खुणा ठरलेल्या होत्या. वडील म्हणजे मिशीला पीळ. आई म्हणजे डोक्यावरून पदर ओढणं. मी म्हणजे दोन वेण्या. आता माझ्या डोक्यावर सुपारीएवढा अंबाडा उरलाय, तरी दादाच्या लेखी मी दोन वेण्याच. बंगल्यावरचे पाहुणे म्हणजे बोटांची दोन कडी करून डोळ्यांना लावायची, गॉगल. या भाषेत आई तरबेज होती. चुलीपुढे बसून ती आणि दादा तास-तास बोलायची, हसायची, भांडायचीसुद्धा. आम्ही बाकीचे कामापुरते. जेव, चल, पाऊस येतोय, गाय सोड. त्याला काही समजावून सांगणं किती अवघड जातं, असं मी एकदा आईपाशी बोलले, तेव्हा ती म्हणाली, "त्याला समदं कळतं. तुमाला सांगता येत न्हाई." आईची माया बोलतेय, एवढंच मी त्यावर धरलं होतं.

आई जाऊन वर्ष झालं असेल. दादानं लग्न केलेलं नाही. तो शेजारी चुलतभावाकडे जेवतो आणि झोपायला आमच्या घरी येतो. हिवाळ्याचे दिवस होते, भाताची झोडणी आटपली होती. त्या शनिवारी बंगल्यावर पुण्याहून एक नवरा-बायको आणि त्यांचे दोन मित्र आले. बुकिंग मेसेजवर झालेलं, त्यामुळे कोण येतंय याची मला काही कल्पना नव्हती. गाडीतून उतरता उतरताच ती माणसं हातांनी बोलू लागली. चौघांनाही ऐकू येत नव्हतं. एक जण काहीतरी सांगत होता, दुसरा मध्येच त्याला अडवत होता, तिसरी हसत होती, आणि आवाज फक्त गाडीची दारं लावल्याचा.

दादा फाटकाशी उभा होता. तो तिथून हललाच नाही. मग हळूहळू चालत त्यांच्या अगदी जवळ गेला आणि त्यांच्या हातांकडे बघत राहिला. मला संकोच वाटला. मी त्याची बाही ओढली, तर त्यानं माझा हात झटकला. त्याच्या चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याच्यासारखी, ऐकू न येणारी आणि हातांनी बोलणारी दुसरी माणसं त्यानं पाहिलीच नव्हती, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आपण एकटेच असे आहोत, अशीच त्याची आजवर समजूत असणार.

त्यांच्यातल्या एकानं त्याला खुणांनी काहीतरी विचारलं. दादाला ते कळलं नाही. त्यानं दोन कडी करून डोळ्यांना लावली आणि त्या चौघांकडे बोट दाखवलं. ते खळखळून हसले. मग तोही हसला. तो सगळा दिवस दादा त्यांच्याच व्हरांड्यात होता. संध्याकाळी माझ्या गाडीची वेळ झाली तेव्हा तो त्यांच्याबरोबर कांदे सोलत बसला होता. मी निघाले, तर त्यानं वरसुद्धा बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले तेव्हा त्यांच्यातल्या बाईंनी मोबाइलवर मराठीत लिहून मला विचारलं, भाऊ शाळेत गेले नाहीत का? मी लिहिलं, नाही. पुण्यात अशा मुलांची शाळा होती, पण वडिलांनी पाठवलं नाही. हे लिहिताना मला जड गेलं, कारण वडिलांच्या मागे मी होतेच की. शेकडो मुलांना अक्षर ओळखायला शिकवलं, पण दादाला काही शिकवावं असं कधी मनात आलं नाही. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला त्यांची भाषा येते ना? मी 'हो' लिहिलं, ते खोडलं आणि 'थोडी' लिहिलं. तेव्हा त्यांनी माझ्याच फोनवर एक अ‍ॅप उतरवून दिलं. सांकेतिक भाषा शिकवणारं.

निवृत्तीनंतर मला असं काहीतरी हवंच होतं. रोज सकाळी डबे-बिबे नसलेल्या त्या मोकळ्या वेळात मी जेवणाच्या टेबलाशी फोन तांब्याला टेकवून बसायची. निळ्या कुर्त्यातली एक मुलगी खूण करून दाखवायची. ती आपण करायची, मग चार शब्दांतून बरोबर शब्द निवडायचा. बरोबर आलं की हिरवी टिकली. पहिला धडा नमस्काराचा, मग घर, माणसं, रंग, आठवड्याचे वार. सुरुवातीला मी आरशात बघितल्यासारखी तिची डावी ती माझी उजवी करत होते, ते सुधारायला आठवडा गेला. चेहऱ्यानं त्याहून छळलं. प्रश्न विचारायचा तर भुवया हलायला हव्यात, राग दाखवायचा तर रागवायला हवं. मी जन्मभर मुलांना हात खाली ठेवून, सरळ उभं राहून बोलायला शिकवलेलं. यजमानांनी दोन दिवस माझी तोंडं पाहिली आणि शेवटी, बरं वाटत नाही का, असं काळजीनं विचारलं. अ‍ॅपवर मात्र माझी प्रगती उत्तम होती. सलग चाळीस दिवस एकही धडा चुकवला नाही, याचा मला फार अभिमान होता.

हे सगळं घेऊन मी मळवलीला गेले. ओट्यावर दादासमोर बसले आणि पाण्याची खूण करून दाखवली. त्यानं बघितलं आणि आपली पाण्याची खूण केली, ओंजळ तोंडाशी नेण्याची. मी मान हलवून पुन्हा माझी खूण केली. त्यानं माझा हात धरला आणि माझी बोटं वळवून त्याची ओंजळ करून दिली. मला वाटलं, त्याला समजलं नाही. मी चहाची खूण केली, घराची केली, त्याच्याकडून करून घ्यायला लागले. चहा पुढे ठेवला आणि खूण केल्याशिवाय कपाला हात लावू दिला नाही. पहिलीच्या वर्गात मी असंच करत असे. दादा उठला. चहा तसाच ठेवून शेताकडे निघून गेला.

पुढच्या दोन्ही खेपांना मी दिसले की तो मागच्या दारानं बाहेर पडायचा. चुलतभावाच्या बायकोनं मला विचारलं, "ताई, त्यो लय रागावलाय तुमच्यावर. काय केलंत तुमी त्याला?" मी म्हटलं, शिकवत होते. तिची नजर बघून मला आईचं बोलणं आठवलं. घरी येताना गाडीत मी ठरवलं की आता आधी त्याचं शिकायचं.

मी एक दोनशे पानी वही घेतली. त्याच्यापुढे गेले ती अगदी हात जोडून, आणि तांदळाच्या डब्याकडे बोट करून भुवया उंचावल्या. ही प्रश्नाची भुवई मला अ‍ॅपनंच शिकवली होती, आणि दादाला ती लगेच कळली. त्यानं चिमटीनं रोप लावल्याची खूण केली. मी ती केली आणि वहीत लिहिली. मग विळा, मग कोंबडी, मग समोरचा डोंगर. पहिल्या दिवशी तो सावध होता. दुसऱ्या खेपेला त्यानंच मला गोठ्यात नेलं आणि एकेका वस्तूपुढे उभं केलं. माझी खूण चुकली की तो कपाळाला हात लावायचा. महिन्याभरात वहीत दोनशेच्या वर खुणा झाल्या. त्यांतल्या मला आधीपासून येत होत्या त्या मोजल्या, तर चाळीसही भरल्या नाहीत. शेतावरच्या एकेका पाखराला त्याची वेगळी खूण होती. गावातल्या प्रत्येक माणसाला होती. मनासारखं न झालेल्या स्वयंपाकाला होती, तीत आईचा ओठ मुडपण्याचा ढंग जसाच्या तसा होता.

हळूहळू अ‍ॅपमधल्या खुणाही त्यानं घ्यायला सुरुवात केली, पण स्वतःच्या निवडीनं. 'काल' आणि 'उद्या' त्याला फार आवडल्या. त्या त्याच्याकडे नीट नव्हत्या.

कदाचित त्यामुळेच पुढची गोष्ट त्याला सांगता आली. माघाचे दिवस होते. आम्ही दोघं शेतात हरभऱ्याचे घाटे तोडत होतो. मध्येच त्यानं माझ्या हाताला हात लावून थांबवलं. डोक्यावरून पदर ओढला, म्हणजे आई. डोक्यावर बोट गरगर फिरवलं, रुग्णवाहिकेचा दिवा. मग दोन वेण्या, आणि 'येईल' ही खूण. ती त्यानं माझ्यासारखी केली, घाईघाईत, अर्धवट मनगट हलवून. मला कळलं. आईला तळेगावच्या दवाखान्यात नेलं त्या दिवशी गाडीत चढता चढता मी त्याला तेवढंच सांगितलं होतं, की आई येईल. मग त्यानं गालाखाली हात घेऊन आठ वेळा झोपून दाखवलं. आठ रात्री. आणि बाकावर बसून रुळांकडे बघणारा माणूस करून दाखवला, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

मी लोकलनं येते, म्हणून आईही माझ्याबरोबर लोकलनं येईल असं त्याला वाटलं होतं. तो आठ दिवस स्टेशनवर जाऊन बसत होता. हे मला तेव्हाही माहीत होतं. चुलतभावाच्या बायकोनं फोनवर सांगितलं होतं की त्यो रोज टेशनात जाऊन बसतोय. मी म्हटलं होतं, बसू दे, जीव रमतोय त्याचा. नवव्या दिवशी आईला घरी आणलं, तेव्हा त्यानं पाहिलं.

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भुवया तेवढ्या उंचावलेल्या होत्या. तो विचारत होता.

अ‍ॅपमध्ये क्षमा मागण्याची खूण आहे, मला ती येत होती, पण ती त्याच्या लेखी नुसता हवेतला हात झाला असता. मी घाट्यांची पाटी बाजूला ठेवली आणि जे झालं ते पहिल्यापासून करून दाखवलं. छातीला नळी लावणारे डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, बरी होईल. मला खरं वाटलं. आई जेवली. आई हसली, तिनं तुझी चौकशी केली. मग एके पहाटे डॉक्टरांनी मान हलवली. मी रडले. तू इथे होतास, तुला कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही. चूक माझी. 'चूक' त्याच्या भाषेत कपाळाला हात लावणं, ते तर मला चांगलंच पाठ होतं.

सगळं होईपर्यंत तो बघत राहिला. मग त्यानं माझी डॉक्टरची खूण दुरुस्त केली. त्याच्याकडे डॉक्टर म्हणजे दंडावर सुई. मी ती करून दाखवली. त्यानं मान डोलावली आणि पुन्हा घाटे तोडायला वाकला. थोड्या वेळानं त्यानं सोललेले हिरवे दाणे माझ्या पदरात टाकले.

उन्हाळ्याच्या तोंडावर ते पुण्याचे नवरा-बायको पुन्हा आले. या वेळी मला त्यांचं निम्मं तरी कळत होतं. बाईंनी मला खुणांनी विचारलं, भाऊ, नाव, काय? मी बोटांनी एकेक अक्षर करत त्याचं कागदावरचं नाव सांगायला लागले. त्यांनी थांबवलं. खुणेतलं नाव, असं म्हणाल्या. मी वही काढून चाळली. तीत गावातलं एकूण एक माणूस होतं, बंगल्याच्या मालकांचा कुत्रासुद्धा होता. दादा नव्हता. आम्ही त्याच्याबद्दल जे काही बोललो ते कायम तोंडानं, बहुतेक वेळा त्याच्या समोरच. त्याला त्या नावाची गरज पडेल असा प्रसंगच आमच्या घरात आला नव्हता. हे मी त्या बाईंना कसंबसं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. बऱ्याच घरांत असंच असतं, म्हणाल्या.

दोघा नवरा-बायकोंनी त्यानंतर दादाला दिवसभर न्याहाळलं. त्याला किल्ल्यांचा जुडगा बोटावर गरगर फिरवायची सवय आहे, हे माझ्या कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी त्याला समोर बसवून तसंच बोट फिरवलं आणि त्याच्या छातीकडे दाखवलं. त्यानं ते तीन-चारदा करून बघितलं. मग माझ्याकडे वळून, मला नीट दिसेल असं पुन्हा केलं. आता चुलतभावाच्या घरीही तेच नाव चालतं.

माझा जुना फोन मी दादाला दिलाय. रविवारी जेवण झालं की तो फोन भिंतीला टेकवून ठेवतो आणि पुण्याच्या त्या गृहस्थांशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. अ‍ॅपमधल्या खुणा, दादाच्या खुणा आणि कुठल्या कुठल्या त्या दोघांनी मिळून केलेल्या. हात इतके भरभर चालतात की माझ्या डोळ्यांना ते झेपत नाही. परवाच्या रविवारी दोघांचं कशावरून तरी जुंपलं होतं. पलीकडचे गृहस्थ मान हलवत होते, दादा मांडीवर थाप मारून पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. मी भुवया उंचावून विचारलं, काय झालं? त्यानं माझ्याकडे न बघता एक तळवा दाखवला, थांब. मी ओट्यावर जाऊन बसले. त्याचं बोलणं संपायला बराच वेळ लागला.