गडावर जाऊन राहिला होता

पोलीस खात्यातून निवृत्त झालो तरी ते प्रकरण डोक्यातून गेलेले नाही. ऐन मे महिन्यात पुण्याचे चार मित्र राज्याच्या पार पूर्व टोकाला, आमच्या हद्दीत आले होते. आमच्याकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी जंगलाच्या कडेला तंबू ठोकायचा, पाणवठ्यावर येणारे प्राणी पाहायचे आणि गड चढायचा, असा त्यांचा बेत होता. त्यांतला एक जण सकाळी कॅमेरा घेऊन एकटाच निघाला आणि दुपारपर्यंत परतला नाही. मित्रांनी ठाण्यात येऊन तो हरवल्याची नोंद केली.

संध्याकाळी एका दुकानदाराने फोनवर खबर दिली. आदल्या दिवशी त्या पाहुण्याचे आणि गावातल्या वाटाड्याचे कडाक्याचे भांडण झाले होते. वाटाड्याला ठाण्यात आणले. पाहुण्याला शेवटचे त्यानेच पाहिले होते. तो कुठे आहे, असे ठाणेदार साहेबांनी विचारले. वाटाड्या म्हणाला, "गडावर जाऊन राहिला होता."

उजाडताच सगळी कुमक गडावर गेली. कोपरान् कोपरा पाहिला. गडावरच्या दर्ग्याजवळच्या लोकांनी सांगितले, इथे कोणी मुक्कामाला आलाच नाही. वाटाड्या खोटे बोलतो, असा साहेबांचा समज झाला. मग प्रश्न बदलले. प्रेत कुठे टाकलेस, असे विचारणे सुरू झाले. दोन थपडाही बसल्या. त्यांची नोंद कुठेच नाही.

मी बाजाराचा बंदोबस्त आटोपून ठाण्यात आलो, तेव्हा तो हातकडीत बसला होता. साहेब पुण्याकडचे, थेट अधिकारी झालेले. मी इथल्याच मुर्री गावचा, शिपाई म्हणून भरती होऊन खात्याच्या परीक्षा देत उपनिरीक्षक झालेला. मी त्याच्याजवळ बसलो.

"काऊन झगडला गा त्याच्याशी?"

"अस्वल पिल्लं घेऊन फिरून राहिली तिकडं, साहेब. त्याले म्हटलं, एकटा नोको जाऊ. तं मलेच भेकड म्हणे."

"मंग तो गडावर राहिला?"

"राहिला कुठी? जाऊन राहिला होता म्हणतो ना मी. नाल्याच्या वाटेनं."

आमच्याकडे 'जाऊन राहिला होता' म्हणजे जात होता. साहेबांनी ऐकले, तो गडावर मुक्कामाला राहिला. सगळी कुमक गडावर शोधत होती. मधल्या वाटेवर कोणी गेलेच नव्हते, आणि त्या उन्हात माणूस पाण्याशिवाय किती टिकणार?

मी साहेबांच्या टेबलावर हात आपटला. त्यांना माझा आवाज खटकला. मग मी सौदा केला. चार शिपाई आणि हा वाटाड्या संध्याकाळपर्यंत माझ्या ताब्यात द्या. माणूस सापडला तर याला सोडा. नाही सापडला तर अहवालात माझ्याविरुद्ध हवे ते लिहा. साहेब कबूल झाले.

वाटाड्याही काही कमी नव्हता. म्हणाला, "पयले हे काढा, मंग वाट दाखवतो." मी हातकडी काढली.

कोरड्या नाल्यात, दगडांच्या खाचेत तो पाहुणा पडला होता. पाय मोडलेला, ओठ फाटलेले, श्वास अगदी बारीक. वाटाड्याने त्याचे डोके मांडीवर घेतले आणि खांद्यावरचा दुपट्टा भिजवून त्याच्या तोंडात पाणी पिळले. पाहुणा वाचला.

प्रशस्तिपत्र साहेबांना मिळाले, शोधमोहिमेच्या कुशल नेतृत्वाबद्दल. माझे नाव कुठेच नव्हते. त्याचा राग मला आजही आहे, आणि तो मी लपवत नाही.

या प्रकरणाने मला एवढे शिकवले की, माणसाचे शब्द जसेच्या तसे कानावर पडले म्हणजे त्याचे म्हणणे कळले असे नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला उलटून विचारत असे, म्हणजे काय? पण हे शहाणपण त्या वाटाड्याच्या काही कामाचे नव्हते. त्याने पाहुण्यांना जंगलात नेणे सोडले. पुढे एकदा एसटी स्टँडवर तो दिसला. मी वर्दीत होतो. विचारले, "कसा आहेस गा?"

तो ताठ उभा राहिला. "ठीक हूँ, साहब."

मी म्हटले, अरे, माझ्याशी कायले हिंदी बोलतोस? आपलं बोल ना.

"नहीं साहब," तो म्हणाला, "पुलिस के सामने हिंदी ही ठीक है."