वरच्या फळीवरचं पुस्तक

नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. नवरा लहानपणीच गेलेला. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली आणि मुलींनी काय वाचावं हे मी ठरवू लागले. त्याचा मला अभिमानच वाटायचा. संतांची चरित्रं, पतिव्रतांच्या कथा मी हाताला येतील अशा ठेवल्या. मुलींना नकोत असं वाटलेली पुस्तकं वरच्या फळीवर गेली. त्यांत बाळंतपणाविषयीचं एक पातळसं पुस्तक होतं, आकृत्यांसकट.

सातवीत मागच्या बाकावर बसणारी, कोरीट गावची एक मुलगी होती. मामाकडे राहून शिकायची. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. कपाट झाडायला मदत करताना तिला ते पुस्तक दिसलं.

“बाई, माले ते जोयजे.”

“ते मोठ्या बायकांचं आहे.”

“मन्ही बहीन बाळतपनमा गई,” ती म्हणाली. “आते मीबी सासरले जासू.”

माझे कान तापले. तिचा मामा शाळेत येऊन काय बोलेल, विधवा बाईनं पोरीला असलं पुस्तक दिलं म्हणून गावात काय होईल, एवढंच मला सुचलं. मी पतिव्रतांच्या कथा तिच्या हातात ठेवल्या.

“हे वाच. चांगलं आहे.”

“बरं बाई,” म्हणून तिनं ते घेतलं. वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं.

परीक्षा झाल्यावर ती तापीपलीकडे सासरी गेली. पतिव्रतांचं पुस्तक तिच्याकडेच राहिलं.

दीडेक वर्षानं एका दुपारी तिची आई शाळेत आली. मुली घरी गेल्या होत्या. तिनं पदरात गुंडाळलेलं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

“पोर गई मन्ही. तिनी सांगेल व्हतं, बाईसनं पुस्तक पोचाडजो.”

कशानं गेली, हे मी विचारलं. तीन दिवस कळा देत होती. मूलही गेलं.

आईला वाचता येत नव्हतं. ती बाकावर बसली आणि म्हणाली, “काय शे यामा? वाची दखाडा ना.”

मी वाचून दाखवलं. सती, सेवा, सहनशीलता. एक कथा पुरी केली. आई मान हलवत ऐकत होती. जाताना माझ्या पाया पडली. वरच्या फळीवर काय आहे, ते मी तिला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून बाळंतपणाचं पुस्तक मी सातवीच्या मुलींना मोठ्यानं वाचून दाखवू लागले. तक्रारी झाल्या, दोन पालकांनी मुली काढून नेल्या. मी वाचत राहिले.

आजही वाचताना एखाद्या वाक्यापाशी मी मध्येच थांबते. मागच्या बाकावर कुणीतरी जास्तीचं बसलेलं असतं. मुली वळून बघतात. मी पान उलटते आणि थोडं मोठ्यानं वाचते, मागपर्यंत ऐकू जावं म्हणून.