खो न देणारी मुलगी

सुमे, मला आठवीसाठी सोलापूरच्या वसतिगृहात पाठवलं तेव्हा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. सांगोल्याच्या स्टँडवर आप्पांनी माझी पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "दिवाळीपतुर बघ. न्हाय करमलं तर ये माघारी. मेंढरं हायतीच." तू त्यांचा सदरा धरून उभी होतीस. तेरा वर्षांची मी, परत यायचं जवळजवळ ठरवूनच निघाले होते.

शाळेत मी गप्पच असायची. तोंड उघडलं की 'हाय-न्हाय' बाहेर पडायचं आणि पोरी एकमेकींकडे बघायच्या. पळण्यात मात्र कुणाला ऐकायची नाही, म्हणून खेळाच्या बाईंनी खो-खोत घेतलं. तिथं तर हसंच झालं. पुढची पोर रांगेतून पलीकडं निसटली की तिकडं तोंड करून बसलेलीला खो द्यायचा आणि आपण तिच्या जागी बसायचं. मी द्यायचीच नाही. रांगेतून घुसायची, फाऊल व्हायचा. आपल्याकडं ज्याच्या हातून मेंढरू फुटलं त्यानंच ते वळवून आणायचं असतं. दुसऱ्यावर सोडलं तर आप्पा काय म्हणायचे, तुला माहीत आहे.

वर्गात नागमणी होती, विणकराची, घरी तेलुगू बोलणारी. बसून बसून ती वैतागली आणि एकदा मैदानातच मला म्हणाली, "मग आम्ही इथं कशाला बसलोय?" राग आला, लाजही वाटली. रांगेत आठ जणी बसल्यात, हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या पाठीला हात लावून मोठ्यानं 'खो' ओरडले. माझा एवढा आवाज सोलापुरात पहिल्यांदाच निघाला. कुणी हसलं नाही. नागमणी केव्हाच उठून पळाली होती. मग मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्याशेजारी बसू लागली, तिच्या मागून बाकीच्याही आल्या.

दिवाळीला घरी आले, म्हणाले, मी परत जाणार. एवढा कळप आप्पांना एकट्याला झेपत नव्हता. दहा वर्षांची तूच म्हणालीस, "जा की अक्का. मी बघती मेंढरं." त्यानंतर तू शाळेत गेली नाहीस.

नोकरी, संसार, सगळं इथं सोलापुरातच झालं, आणि बरं झालं. घर म्हटलं की मला आता गाव आठवत नाही, तू आठवतेस. खो दिला की उठलेल्या गड्याच्या जागी आपण बसायचं असतं. तुला मी उठवलं आणि निघून आले.