सगळ्यात चांगला स्कोर दिनेशचा

मी देवासचा. आमचे पूर्वज इथल्या दरबाराच्या पागेत होते, एवढंच घरात सांगतात. घरात मराठी, शाळा हिंदीत झाली, नोकरी फौजेत. इन्फन्ट्रीत चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालो. ही हकीकत शेवटच्या पोस्टिंगची.

पहाडी भागात जाण्याआधी बटालियनचं सहा आठवड्यांचं ट्रेनिंग होतं. पहाटे पाचला पीटी, सातला फायरिंग, दुपारी दोनला कॉम्प्युटर रूम. तिथे आम्हाला व्हिडिओ गेम खेळायला लावत. पहिल्या दिवशी मला हसू आलं. गेममध्ये रायफल होती, पण उगाच चालवली की गेम संपायचा. पडद्यावर एक गाव. दार ठोठावायचं, आधी वडीलधाऱ्याशी बोलायचं, काळा चष्मा काढायचा, बायकांच्या खोलीत शिरायचं नाही. प्रत्येक वेळी तीन उत्तरं समोर यायची, त्यातलं एक निवडायचं. वर कोपऱ्यात हिरवी पट्टी असायची, गावाच्या भरोशाची. चुकलं की ती घटायची. माझी दहा मिनिटांत संपायची.

माझ्या सेक्शनमधला नायक दिनेश केवट धार जिल्ह्यातल्या धरमपुरीचा. वडील नर्मदेवर नाव चालवायचे. त्याची पट्टी कधी अर्ध्याखाली आली नाही. ड्यूटीवर तो मला उस्ताद म्हणायचा, बाकी वेळ भिया, म्हणजे आमच्याकडचं भैया.

"भिया, तुम सामनेवाले की बात पूरी सुनते ही नहीं."

"और तू?"

"नाव में बैठा आदमी डरता है, तो चिल्लाता है. उस पर चिल्लाओ तो नाव ही डोलेगी."

शेवटच्या दिवशी बोर्डावर स्कोर लागले. कंपनीत पहिला दिनेश. मी खालून चौथा.

पोस्टिंगला सात महिने झाले होते. एका गुरुवारी खबर आली, गावाच्या टोकाला बागेजवळ दोन अतिरेकी आहेत. सकाळी सहा चाळीसला कॉर्डन लागलं, गावाला घेरा पडला. लाउडस्पीकरवरून सगळ्यांना शाळेच्या मैदानात बोलावलं. आठपर्यंत घरं रिकामी झाली, असं आम्हाला वाटलं.

आठ पंधराला शेवटच्या घरातून एक म्हातारा निघाला. अंगावर फेरन, तिथला लांब झगा, हात आत. तो सरळ आमच्या दिशेने येऊ लागला. मी तीनदा ओरडलो, "रुको!" तो थांबला नाही. एलएमजीवरच्या, म्हणजे मशीनगनवरच्या जवानाने विचारलं, "उस्ताद, फायर?"

मी रेडिओ उचलला. "चार्ली वन. एक बुजुर्ग रुक नहीं रहा. हाथ दिख नहीं रहे. ओव्हर."

"चार्ली वन, फैसला तुम्हारा. ओव्हर." कंपनी कमांडरांचा आवाज आला.

मी एलएमजीवाल्याला म्हटलं, "होल्ड." मग दिनेशकडे पाहिलं. "तू जा. तेरा स्कोर सबसे अच्छा है."

माझे शब्द हेच होते.

त्याने रायफलची नळी खाली केली. म्हाताऱ्याला दिसेल असा समोरून गेला, उजवा हात छातीवर ठेवून. म्हातारा दचकला. मग त्याने फेरनमधून हात काढून दोन्ही कानांना लावले. तो बहिरा होता. लाउडस्पीकर त्याला ऐकूच गेला नव्हता. दिनेशने त्याचा दंड धरला आणि दोघे परत वळले. वीस पावलं आले असतील, तेव्हा बागेतून गोळ्यांचा बर्स्ट आला. दिनेशने म्हाताऱ्याला दगडी बांधामागे ढकललं. तो स्वतः बांधापर्यंत पोचला नाही.

आठ बावीस. दोन गोळ्या, एक मानेखाली. हेलिकॉप्टर नऊ दहाला आलं. तोवर तो गेला होता. दुपारी एकपर्यंत दोन्ही अतिरेकी मारले गेले. त्याबद्दल मला आणखी काही सांगायचं नाही.

पार्थिवाबरोबर धरमपुरीला मीच गेलो. घाटावर सलामी झाली, वडिलांनी अग्नी दिला. त्याला मी पाठवलं होतं, हे न सांगताच परतलो.

चार महिन्यांनी ट्रेनिंगच्या मेजरसाहेबांनी मला बोलावून सगळं लिहून घेतलं. मग गेममध्ये बहिरा म्हातारा आला. समोरून जा, हात छातीवर ठेवा, पट्टी भरते. मी विचारलं, "सर, बाग से फायर नहीं आता?"

"वो डाल दूँ, तो कोई आगे जाएगा?"

मी सलाम करून बाहेर आलो.

निवृत्त झाल्यावर महिन्याभराने इंदूरहून बस पकडून धरमपुरीला गेलो. दिनेशचे वडील ओसरीवर बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं, "बाबूजी, उसको मैंने भेजा था. वो खुद नहीं गया था."

त्यांनी नदीकडे पाहिलं. मग निमाडीत विचारलं, "ऊ डोकरो बच्यो कि नी?"

"हो. तो म्हातारा वाचला." घाबरून मी मराठीत बोललो होतो. त्यांना समजलं. ते उठून आत गेले आणि दिनेशच्या आईला तेच सांगताना मला ऐकू आलं. मग त्यांनी चहा दिला, तो प्यालो.

परतताना बसस्टँडजवळ त्याचा मोठा फोटो लावलेला दिसला. नायक दिनेश केवट, खाली दोन तारखा. फोटोत चेहरा कडक आहे, ओठ मिटलेले. मी त्याच्याबरोबर तीन वर्षं काढली. तो असा कधीच दिसत नसे.